हलणाऱ्याला सवलत, राहणाऱ्यावर भार

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आहे आणि काही गुजरातेत. तेथील फलाटावर शेजारी उभे असलेले दोन प्रवासी दोन राज्यांचे करदाते असू शकतात. प्राप्तिकर दोघांनाही सारखाच आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करही सारखाच झाला. साबण, औषधे, पंखा वा कापड यांपैकी काहीही विकत घेताना या दोघांत भेद उरलेला नाही. भेद उरला आहे तो राज्यांनी आपल्या हाती राखलेल्या करांत. इंधन, वाहन, घर, नोकरी आणि मद्य या पाच ठिकाणी सीमारेषा आजही जिवंत आहे आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खर्चाच्या वहीत तिचा हिशेब दरमहा पडत असतो.

ही दोन राज्ये १ मे १९६० पर्यंत एकाच घरात नांदत होती. मुंबई मुद्रांक अधिनियम, मुंबई मोटार वाहन कर अधिनियम आणि मुंबई दारूबंदी अधिनियम हा दोघांनाही मिळालेला समान वारसा. वाटणीनंतर दोन भावांनी तोच वारसा कसा चालविला, हे पाहणे उद्बोधक ठरते. प्रांतीय अस्मितेच्या आगीत तेल ओतून मते मिळविणाऱ्यांना गुजरातशी केलेली कोणतीही तुलना म्हणजे महाराष्ट्रद्रोह वाटतो. राष्ट्र एक मानणाऱ्यांना मात्र एका भावाच्या घरात काही चांगले दिसले तर ते आपल्या घरी आणण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आरंभ पेट्रोलपासून करणे योग्य, कारण येथे फरक सर्वाधिक डोळ्यांत भरतो. जुलै २०२४ मधील कपातीनंतर मुंबईत पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि त्याशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा वेगळा अधिभार होता. गुजरातेत १३.७ टक्के कर आणि ४ टक्के उपकर. परिणामी त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर, तर अहमदाबादेत ९५ रुपयांच्या आत होते. महिन्याला २५ लिटर पेट्रोल जाळणाऱ्या दुचाकीस्वाराला हा फरक वर्षाला अडीच हजारांच्या घरात पडतो. या अधिभाराचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये वाढविण्यात आले. २०१७ मध्ये महामार्गालगतची मद्यविक्री न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, महसूल घटला आणि त्याच सुमारास अधिभारात आणखी तीन रुपयांची भर पडली. पुढे तो कधी उतरला, कधी चढला. पण नाहीसा झाला नाही. दुष्काळानंतर पाऊस येतो, अधिभार जात नाही.

आता डिझेलकडे पाहावे. जुलै २०२४ मध्ये मुंबई-ठाणे परिसरातील डिझेलवरील कर २४ वरून २१ टक्क्यांवर आणण्यात आला आणि मुंबई व अहमदाबाद येथील डिझेलचे दर जवळजवळ एका पातळीवर आले. पेट्रोलमध्ये आठ-नऊ रुपयांची दरी राहते आणि डिझेलमध्ये ती बुजते, असे का व्हावे? डिझेल मालमोटार वापरते. मालमोटारीची टाकी मोठी असते आणि चालक महाराष्ट्रात एक थेंबही न घेता भिलाडपर्यंत जाऊ शकतो. कर चढा ठेवला तर विक्रीच सीमेपलीकडे जाते, हे अर्थखात्याला पक्के ठाऊक आहे. पेट्रोल मात्र शिक्षक, कारकून, औषधविक्रेता आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी वापरते. डोंबिवलीची गृहिणी दुचाकीत पेट्रोल भरण्यासाठी वापीला जाणार नाही. थोडक्यात, ज्याला हलता येते त्याच्यापुढे शासन नमते आणि ज्याला हलता येत नाही त्याच्याकडून पुरती वसुली करते. दोन राज्यांच्या करांतील फरकाचे मर्म टक्केवारीपेक्षा या वृत्तीत अधिक आहे.

शेजारच्या प्रदेशातील दराचा विचार करून आपला दर ठरविणे यात नवीन काही नाही. डिसेंबर १६७१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी पत्र लिहिले होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील संगमेश्वरची मिठाची पेठ ओस पडेल, हे महाराजांनी हेरले होते. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्या आज्ञेचा आशय. जकातीचा दर ठरविताना महाराजांच्या दृष्टीसमोर मिठागरात राबणारी आपली रयत होती. आजचे राज्यकर्ते हेच गणित मांडतात, पण ते मोठ्या प्रकल्पांसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत जाणार असे जाहीर झाले तेव्हा दोन्ही राज्यांनी देऊ केलेल्या सवलतींची कोष्टके वृत्तपत्रांत झळकली. विधिमंडळापासून चावडीपर्यंत वादंग झाले. कुटुंबावरील करांची अशी कोष्टके मांडण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

ती मांडली तर काय दिसते? आठ लाखांची पेट्रोल मोटार वैयक्तिक नावावर घेताना महाराष्ट्रात ११ टक्के म्हणजे ८८ हजार रुपये वाहनकर लागतो, गुजरातेत ६ टक्के म्हणजे ४८ हजार. दुचाकीचेही तेच प्रमाण. घराच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. मुंबईत ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झालेला एक टक्का मेट्रो अधिभार. गुजरातेत सर्व मिळून ४.९ टक्के. नोंदणी शुल्काला महाराष्ट्रात ३० हजारांची मर्यादा आहे, गुजरातेत ते सरसकट एक टक्का आहे. साठ लाखांच्या घरावर मुंबईत ३ लाख ९० हजार आणि अहमदाबादेत ३ लाख ५४ हजार द्यावे लागतात. महिलेच्या नावे घर घेतल्यास दोन्हीकडे सवलत आहे. म्हणजे फरक आहे, पण वाहनासारखा जवळजवळ दुप्पट नाही. शिवाय गुजरातने २०२३ च्या एप्रिलमध्ये जंत्रीचे दर एका फटक्यात दुप्पट केले, तेव्हा शेजारचे सारेच हिरवे समजण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राच्या पदरात काही चांगले दान टाकायचे, तर मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मिळालेल्या मालमत्ता करमाफीचा उल्लेख करावा लागेल.

मुद्रांक शुल्काच्या बाबतीत महाराष्ट्राचाच एक अनुभव विसरता कामा नये. कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० पासून हे शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले गेले. त्या डिसेंबरात मुंबईत घरांच्या विक्रमी नोंदण्या झाल्या. परंतु ही सवलत बांधकाम व्यवसाय ठप्प झाला म्हणून मिळाली आणि मार्च २०२१ अखेर संपली. स्थानिक संस्था करही व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून आंदोलन केले, तेव्हा २०१५ मध्ये बहुतेकांपुरता गेला. गुजरातने जकात २००७ मध्येच हद्दपार केली होती. मुंबईच्या नाक्यांवर ती २०१७ पर्यंत वसूल होत राहिली. संघटितांना दाद मिळते. नोकरदाराला दुकान नाही की शटर नाही, मग त्याने काय बंद ठेवावे?

या नोकरदाराकडून व्यवसाय कर वेतनातूनच कापला जातो. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे आणि महाराष्ट्र ती पूर्ण वसूल करता यावी म्हणून फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे कापतो. रक्कम लहान आहे, कथा लहान नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. ग्रामीण मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून शहरी पगारदाराने झीज सोसावी, या उदात्त भूमिकेतून १९७५ मध्ये हा कर आला आणि मराठी मध्यमवर्गाने तो कुरकुर न करता दिला. २००६ पासून केंद्राच्या कायद्याने मजुरीचा मोठा भार उचलला, तरी कर राहिला. गुजरातने २०२२ मध्ये १२ हजारांपर्यंतचे मासिक वेतन या करातून वगळले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महिलांसाठी २५ हजारांपर्यंत सूट दिली, हे स्तुत्यच. पण पुरुषांसाठीची सीमा साडेसात हजारांवरच राहिली. सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा राहून ११ हजार मिळविणारा रखवालदार महाराष्ट्रात वर्षाला अडीच हजार रुपये देतो. तोच रखवालदार वलसाडला असता तर एक पैसाही देत नसता. पंडित दीनदयाळ उपाध्यायांनी सांगितलेला अंत्योदय अशा कोष्टकांतूनच तपासावा लागतो.

महाराष्ट्राच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते : राज्य मोठे, महानगरे मोठी, म्हणून खर्चही मोठा. ते खोटे नाही. पण गुजरातने दारूबंदी राखून उत्पादन शुल्काच्या फार मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडले आहे, हे त्या वेळी विसरले जाते. महाराष्ट्राला मद्यापासून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक मिळतात, आणि जून २०२५ मध्ये आणखी १४ हजार कोटींच्या अपेक्षेने हे शुल्क वाढविण्यात आले. गुजरातेत चोरटी दारू मिळते, जुलै २०२२ मध्ये बोटादला विषारी दारूने बळी गेले, हे सत्य नाकारण्याचे कारण नाही. तरीही ज्या राज्याकडे हा पैसा नाही त्याचे पेट्रोल स्वस्त आणि ज्याच्याकडे आहे त्याचे महाग, याचा उलगडा 'खर्च मोठा' एवढ्याने होत नाही. रघुवंशात कालिदासाने राजा दिलीपाच्या करग्रहणाला सूर्याची उपमा दिली आहे. घेतलेले पाणी सहस्रपटींनी परत देणाऱ्या सूर्याची. लाडक्या बहिणीच्या खात्यात दरमहा रक्कम जाते तेव्हा काही परत येते हे खरे. पण त्याच बहिणीच्या दुचाकीच्या टाकीतून आणि भावाच्या पगारपत्रकातून काय जाते, तेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.

पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आले तर ही दरी आपोआप मिटेल. राज्यघटनेने तो मार्ग मोकळा ठेवला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत परिषदेने मात्र ही वेळ नव्हे असे ठरविले आणि बहुतेक राज्ये, पक्ष कोणताही असो, त्यावर समाधानी होती. परिषदेची वाट पाहण्याची गरज नसलेल्या गोष्टीही आहेत. व्यवसाय करातील पुरुषांची सीमा महिलांच्या बरोबरीने आणणे, पेट्रोलवरील अधिभार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याची तारीख जाहीर करणे आणि पहिल्या दुचाकीवरील कर गुजरातच्या पातळीवर आणणे, या तिन्ही बाबी मुंबईतच ठरू शकतात. त्यासाठी दिल्लीची अनुमती लागत नाही. विधिमंडळाच्या येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात यांपैकी निदान पहिली मागणी कोणत्या बाकावरून पुढे येते, तेवढे कार्यकर्त्यांनी आपल्या आमदाराला विचारावे.