चाकांवरचे घर आणि आईची जाग

गेल्या दोन-तीन वर्षांपासून माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न कानी येऊ लागला आहे. रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांची चिठ्ठी हाती पडली, की उठता उठता आजोबा हळूच विचारतात, “डॉक्टर, मुलाने व्हॅन घरासारखी सजवून घेतली आहे. आठ दिवस आम्हाला घेऊन फिरायचे म्हणतो. रात्री गाडीतच झोपायचे. चालेल ना?” पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकी ज्ञानावर दिले असते. आता ते अनुभवावर देतो, आणि तो अनुभव आज वाचकांपुढे मांडावा असे वाटते. कारण त्यात माझी स्वतःचीही एक चूक आहे.

माझे थोरले बंधू एकाहत्तर वर्षांचे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि ओळखीच्या सुताराकडून तिच्यात दोन बाके, एक घडीचा पलंग, लहानसे कपाट आणि पंखा बसवून घेतला. गेल्या वर्षी कोजागिरी झाल्यावर दादा, वहिनी, चौऱ्याऐंशी वर्षांची आमची आई आणि मी असे चौघे पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरलो. हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट, केळशी, हर्णे, दापोली, दाभोळची खाडी ओलांडून गुहागर आणि शेवटी गणपतीपुळे असा बेत होता. समुद्र डाव्या-उजव्या वळणांनी सतत सोबतीला, आणि मुक्काम जिथे मन रमेल तिथे. आईला तर लहानपणीच्या बैलगाडीच्या प्रवासाची आठवण झाली.

पहिल्याच रात्री पहिला धडा मिळाला. हरिहरेश्वरी गाडी उभी केली ती जागा अंधारात सपाट वाटली. प्रत्यक्षात तिला उतार होता आणि आमची डोकी उताराकडे होती. मध्यरात्री आई उठून बसली. छातीत जळजळ, घशाशी आंबट. दादांनाही धड झोप नव्हती. आडवे झाल्यावर डोके पायांपेक्षा खाली गेले की जठरातील आम्ल वर चढते; ज्यांचे हृदय दुर्बळ आहे त्यांना अशा स्थितीत धापही लागते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक सोपी युक्ती केली. अर्धी भरलेली पाण्याची बाटली पलंगावर आडवी ठेवायची. पाणी ज्या टोकाकडे धावेल तिकडे पाय करायचे. त्यानंतर त्या तक्रारी राहिल्या नाहीत.

दुसरा धडा इन्सुलिनचा. दादा वीस वर्षांचे मधुमेही. त्यांचे इन्सुलिनचे पेन हाताशी असावे म्हणून वहिनींनी ते चालकासमोरच्या खणात ठेवले होते. फेरीबोटीच्या रांगेत गाडी दीड तास उन्हात उभी राहिली. बंद गाडीतील हवा उन्हात अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज तापते, आणि काचेखालचा तो खण तर भट्टीच होतो. पुढचे दोन दिवस नेहमीचाच डोस घेऊनही साखर तीनशेच्या वर! दादा म्हणाले, “मासे जास्त झाले असतील.” मासे निर्दोष होते, इन्सुलिन निकामी झाले होते. वापरात असलेले इन्सुलिन साधारणतः तीस अंशांखालील तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर छापलेली असते. ते उन्हात ठेवू नये, तसेच बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिनही वाया जाते. ओल्या फडक्यात गुंडाळलेले लहानसे मातीचे मडके, त्यात पिशवीत बंद केलेले पेन, आणि ते मडके गाडीच्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात: ही जुनी सोय प्रवासात उत्तम उपयोगी पडते. शिवाय एक राखीव पेन दुसऱ्याच पिशवीत असावे.

तिसरा धडा संकोचाचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त लागला. हर्णेला सकाळी आई गाडीतून उतरताना एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येऊन दाराला टेकली. बसवून रक्तदाब मोजला तो वरचा १२८. उभे केल्यावर दोन मिनिटांत ९८. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरला, की त्या व्यक्तीला पडण्याचा धोका आहे असे समजावे. खोदून विचारले तेव्हा कळले की आई तीन दिवस जेमतेम चार पेले पाणी पीत होती. “रात्री उठावं लागतं रे. तुम्हाला सगळ्यांना जाग येते. अंधारात कुणीतरी सोबत यावं लागतं. म्हणून म्हटलं, पाणीच कमी प्यावं.” त्यात तिची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी!

घरातील वृद्ध माणसे असे निर्णय मुकाट्याने घेतात आणि आपल्याला त्यांचा पत्ता चक्कर आल्यावर लागतो. मला वाईट अधिकच वाटले, कारण पहिल्या दोन रात्री मीच कुरकुरलो होतो, “आई, आत्ताच तर जाऊन आलीस!” त्याच दिवशी दापोलीच्या बाजारातून आम्ही घडीची कमोड-खुर्ची आणि झाकणाची बादली आणली, मागच्या भागात पडदा लावला. दिवसभर थोडे थोडे पाणी, निजण्यापूर्वी दोन तास बेताने, आणि लघवी वाढवणारी गोळी सकाळीच, असे ठरवून दिले. तरीही आईला ती खुर्ची पसंत पडली नाही. “गाडीत कुठे रे,” म्हणून रात्री एकदा तरी ती मला उठवून बाहेरच जायची. मी आता कुरकुरत नव्हतो, एवढाच फरक.

पायरीचेही सांगून ठेवतो. व्हॅनची पायरी घराच्या पायरीहून बरीच उंच असते. वहिनी पाचव्या दिवशी तिच्यावरून घसरल्या, घोट्यावर निभावले. ज्येष्ठांसाठी रुंद, न डगमगणारा पाट किंवा चौरंग पायरीखाली ठेवावा, दाराशी धरायला दांडी बसवावी, आणि रात्री पायापाशी लहान दिवा जळता असावा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून सर्वांनी पाच मिनिटे चालावे. दोन्ही पायांना संध्याकाळी थोडी सूज येणे स्वाभाविक. पण एकाच पायाची पोटरी सुजली व दुखू लागली, किंवा अचानक दम लागला, तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता सहाव्या रात्रीविषयी. गुहागरच्या पुढे एका लहानशा बाजारगावी आम्ही एका चहाच्या दुकानाशेजारी, मालकाची परवानगी घेऊन, मुक्काम केला. परतीचा पाऊस कोसळत होता. पावसाची झड ज्या बाजूने येत होती तिकडच्या खिडक्या आम्ही लावून घेतल्या आणि आडोशाची, दुकानाकडची, एकच खिडकी उघडी ठेवली. हवा खेळती आहे, या विश्वासाने निजलो. रात्री केव्हातरी वीज गेली. दुकानदाराने दुधाचा फ्रीज चालू राहावा म्हणून पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर पत्र्याच्या आडोशाला आणून सुरू केला. तो आडोसा आमच्या उघड्या खिडकीच्या बरोबर खाली होता. त्या गृहस्थाच्या मनात काहीही वावगे नव्हते. उलट त्या उजेडाची एक तार आम्हालाही द्यावी असा त्याचा विचार होता, हे त्यानेच नंतर सांगितले.

दोनच्या सुमारास मला जाग आली ती डोकेदुखीने. कपाळ जड, थोडे मळमळते. वहिनीही कण्हत होत्या, “डोकं फार दुखतंय हो.” मी विजेरीच्या उजेडात त्यांच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८. स्वतःला लावला, ९७. मनाशी म्हटले, दिवसभराचा प्रवास, दमट हवा, रात्रीचे जड जेवण. दोघांनी डोकेदुखीची गोळी घेतली आणि मी पुन्हा आडवा झालो. तीस वर्षे रुग्ण तपासणारा डॉक्टर, आणि मी पुन्हा आडवा झालो!

दहा मिनिटांनी आईने खांद्याला हात लावला. “बाळ, चल ना जरा.” मी उठलो. पाय विचित्र लटपटत होते. दार सरकवून तिला छत्रीखाली बाहेर नेले. त्या गार, ओल्या हवेत दोन-तीन मिनिटे उभे राहिल्यावर आई म्हणाली, “बाहेर कसं बरं वाटतंय रे. आत डोकं नुसतं बधिर झालं होतं.” ते शब्द ऐकले आणि शेजारी धडधडणाऱ्या यंत्राचा आवाज मला त्या क्षणी प्रथमच खऱ्या अर्थाने ऐकू आला. एकाच वेळी, एकाच छपराखाली, तिघांचे डोके दुखते आहे. कुणालाही ताप नाही. आणि बाहेर येताच आराम पडतो. हे एकत्र आले की निदान एकच.

मी धावत जाऊन दुकानदाराला जनरेटर बंद करायला लावले आणि गाडीची सगळी दारे उघडली. वहिनी ओकत ओकत स्वतः उतरल्या. दादा मात्र हाकेला ओ देईनात. हलवल्यावर डोळे उघडले, काहीतरी असंबद्ध पुटपुटले. दुकानदाराने आणि मी त्यांना उचलून ओसरीवर आणले. १०८ क्रमांकाला फोन केला. रुग्णवाहिकेतच प्राणवायू लागला आणि ग्रामीण रुग्णालयात सकाळपर्यंत चालू राहिला. साडेपाचला दादांनी विचारले, “आपण कुठे आहोत?” तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

हा कार्बन मोनॉक्साइड वायू. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. साधे पल्स ऑक्सिमीटर हा वायू धरलेल्या आणि प्राणवायू धरलेल्या हिमोग्लोबिनमधील भेद ओळखू शकत नाही. म्हणून आकडा सुरेख दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. त्या ९८ वर मी विसंबलो, ही माझी चूक. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. बरे वाटल्यानंतरही काही दिवसांनी वा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात अस्थिरता, स्वभावातील बदल दिसू शकतात. दादांवर आम्ही दीड महिना लक्ष ठेवले. सुदैवाने काही निघाले नाही.

गाडीत झोपणाऱ्यांनी पुढील पथ्ये कसोशीने पाळावीत. इंजिन वा वातानुकूलन चालू ठेवून झोपू नये. गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून झोपू नये. शेजारी जनरेटर वा इंजिन चालू असलेले वाहन असेल तर रात्री अकरा वाजताही जागा बदलावी. एका खिडकीवर समाधान मानू नये. तीच खिडकी धूर आत घेऊ शकते. या वायूची सूचना देणारा, बॅटरीवर चालणारा भोंगा बाजारात मिळतो. तो पलंगाजवळ लावावा. आणि एकाहून अधिक जणांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी सर्वांनी बाहेर यावे. कारणाचा शोध बाहेर उभे राहून घ्यावा.

गणपतीपुळ्याला आम्ही दोन दिवस उशिरा पोहोचलो, आणि तिथे रीतसर खोली घेऊन राहिलो. दर्शन घेऊन परतताना दादा आईला म्हणाले, “आई, त्या रात्री तू उठली नसतीस तर?” आई नेहमीच्या शांतपणे म्हणाली, “मी रोजच उठते. तुम्हीच वैतागता.”

त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. व्हॅन अजून दादांकडे आहे आणि पलंगाच्या उशाशी आता तो भोंगा बसवलेला आहे. तेव्हा आजोबांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: जरूर जा, समुद्र पाहा, नातवंडांबरोबर चांदण्यात निजा. पाणी मात्र पोटभर प्या. रात्री उठावे लागले तर संकोच न करता उठा, आणि घरच्यांनी त्यांच्याबरोबर न कुरकुरता उठावे.