आधी ब्रेक, मग रिमॅप

इंदूरकर नवी गाडी पूजेला खजराना गणपतीला नेतात. मी कॅथलिक असले तरी ती रीत मला आवडते. पण पूजा झाली की आमची पोरं पोलो जीटी टीएसआयचं इंजिन रिमॅप करून मोकळी! ब्रेक मात्र कंपनीचेच, मागे तर ड्रम. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, अकरावीचं फिजिक्स. लगेच मोठ्या डिस्क नकोत (छोट्या रिममध्ये त्या मावतीलच असं नाही). आधी चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल. जुनं ऑइल ओलावा शोषतं, तापलं की लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. खजराना चौकात ई-रिक्षा अचानक वळते तेव्हा पिकअप काय कामाचा? रिमॅपवाल्याकडे जायच्या आधी मेकॅनिकला विचारा, ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?