मृत्युपत्राचं पुढे काय झालं?

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला विश्वासघात म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ब्रूटस येतो. मित्रानं मित्राच्या अंगात खुपसलेला खंजीर. माझ्या मते या नाटकातला मोठा दगा वेगळाच आहे. तो तिसऱ्या अंकात सुरू होतो, चौथ्या अंकात पुरा होतो, आणि तो सीझरशी नव्हे, रोमच्या सामान्य माणसांशी झालेला आहे. तुम्ही रोज मोबाइलवर कुणाचं ना कुणाचं भाषण ऐकता, पुढे पाठवता. म्हणून त्याच्याकडे जरा बारकाईनं पाहू या.

खून झाल्यावर आधी ब्रूटस लोकांसमोर येतो. सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून मारलं, एवढंच त्याचं म्हणणं. पुरावा एकही नाही. देणार तरी कुठून? एकटा असताना त्यानं स्वतःशीच कबूल केलेलं असतं की सीझरनं अजून तसं काही केलेलं नाही, उद्या करील अशी भीती आहे. आपली अब्रू हाच पुरावा, असं तो धरून चालतो. लोक खूश होतात आणि एक जण तर आता यालाच सीझर करा म्हणतो! एकाची सत्ता नको म्हणून खून केला आणि लोक लगेच दुसरा मालक शोधू लागले, हे ब्रूटसच्या लक्षातही येत नाही. अँटनीचं ऐकून घ्या असं लोकांना सांगून तो निघून जातो.

ब्रूटसलाही कुणीतरी पटवलेलं होतंच. कॅशियसनं वेगवेगळ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहवून त्याच्या खिडकीत टाकायला लावल्या. जणू सारं रोम त्याला हाक मारतंय. आपल्याला कूफा ठाऊक आहे. कूफावाल्यांनी इमाम हुसैन यांना बोलावणारी पत्रं लिहिली, ती खरी होती. इब्न झियादच्या पैशापुढे आणि धाकापुढे पाठिंबा टिकला नाही आणि मुस्लिम इब्न अकील एकटे पडले. रोममध्ये पत्रंच बनावट होती. आज एकच मजकूर पन्नास नावांनी फिरतो आणि त्याला 'समाजाची भावना' म्हणतात, तेव्हा मला कॅशियसची ती खिडकी आठवते.

मग अँटनी. कटवाल्यांना दोष द्यायचा नाही, या अटीवर त्याला बोलू दिलेलं असतं. तो अट मोडत नाही. ब्रूटसच्या सन्मानाचा उल्लेख तो इतक्या वेळा करतो की तो शब्दच शिवीसारखा ऐकू येऊ लागतो. मध्येच गळा दाटून थांबतो. सीझरचं मृत्युपत्र काढून दाखवतो आणि वाचणार नाही म्हणतो. लोक हट्ट धरतात. मग सीझरचा अंगरखा. प्रत्येक भोकावर बोट ठेवून तो सांगतो की हा घाव अमक्याचा, हा तमक्याचा. पण हल्ल्याच्या वेळी अँटनी तिथे नव्हताच! ट्रेबोनियसनं त्याला आधीच बाजूला नेलं होतं. कुठलं भोक कुणाच्या खंजिराचं, हे त्याला कळणं शक्यच नाही. गर्दीतला एकही माणूस हा साधा प्रश्न विचारत नाही. बातमी आणणाऱ्याची बातमी तपासून घ्या, नाहीतर नकळत कुणावर जुलूम कराल, ही सूरह हुजुरातमधली ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकली आहे. फॉरवर्डचं बटण दाबताना ती किती जणांना आठवते?

अंगरख्यानंतर प्रेत दाखवलं जातं आणि लोक जाळपोळीला निघतात. तेव्हा अँटनीलाच त्यांना मागे बोलवावं लागतं, कारण ज्या मृत्युपत्रासाठी ते हट्ट धरून बसले होते, ते ऐकायचंच राहिलेलं असतं. मग तो वाचतो: प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा, शिवाय तैबर नदीकाठच्या बागा.

गर्दीच्या हाती सापडतो तो सिन्ना. हा कवी आहे, कटाशी त्याचा काही संबंध नाही. कटात सिन्ना नावाचा दुसरा एक माणूस आहे, एवढाच त्याचा गुन्हा. तो परोपरीनं सांगतो की तो मी नव्हे. लोकांना ते कळतंही, आणि तरीही ते त्याला फाडतात. नाव तेच आहे ना, मग पुरे. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण इंजिनिअरला जमावानं मारून टाकलं. ज्या फेसबुक पोस्टवरून शहरात तणाव होता, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हा प्रवेश वाचताना आपण सिन्नाच्या जागी उभे राहतो, आणि ते बरोबरच आहे.

पण गर्दीच्या जागीही आपण असतो, हे कोण सांगणार? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. त्या बायका तलाकबद्दल, सवतीबद्दल काय म्हणत होत्या हे ऐकून न घेता त्यांना धर्माच्या शत्रू ठरवणारे आपलेच होते. आजही मोहल्ल्यात एखादी मुलगी प्रश्न विचारते, तेव्हा आधी तिचं नाव घेतलं जातं, प्रश्न नंतर. बहुतेक वेळा घेतलाच जात नाही.

आता चौथा अंक. अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस यादी घेऊन बसले आहेत, कुणाकुणाला मारायचं याची. लेपिडस सख्ख्या भावाच्या मरणाला होकार देतो, अँटनी भाच्याच्या. आणि मग अँटनी लेपिडसला सांगतो, सीझरच्या घरून ते मृत्युपत्र घेऊन ये, लोकांना द्यायच्या रकमेत काटछाट कशी करता येईल ते बघू. बस, एवढंच. दोन-तीन ओळी. सिनेमात आणि रंगभूमीवर त्या पुष्कळदा गाळल्या जातात; माझ्यासाठी मात्र सारं नाटक तिथे आहे. ज्या कागदावर माणसं रडली, पेटली, ज्याच्यापायी एक निरपराध कवी मेला, तो कागद आता हिशेबाच्या टेबलावर आहे.

आपल्याकडेही असा एक कागद आहे. जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्य सरकारनं मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातल्या आरक्षणाला दिली नाही. तोवर सरकार बदललं होतं. अध्यादेशाचा कायदा झाला नाही, तो संपुष्टात आला. कागद दाखवणारे आणि तो विझू देणारे, दोघंही त्यानंतर आपल्या वस्तीत मतं मागायला येऊन गेले. त्यांना आपण काय विचारलं? वक्फच्या जमिनीचा, उर्दू शाळेतल्या रिकाम्या जागांचा हिशेब मागितला, की पुन्हा अंगरखाच बघत बसलो?

मशाली घेऊन निघालेली ती गर्दी नाटकात पुन्हा दिसत नाही. पुढचे दोन अंक सेनापतींचे आणि सैनिकांचे आहेत. लोकांना ७५ द्राख्मा मिळाले की नाही, हे शेक्सपिअर सांगत नाही. इतिहास सांगतो. अँटनीनं पैसा दाबून ठेवला, तेव्हा तरुण ऑक्टेव्हियसनं स्वतःची मालमत्ता विकून ती रक्कम वाटली आणि लोक त्याचे झाले. इ.स.पू. २७ मध्ये तो ऑगस्टस झाला. त्याच्या मृत्यूनंतर, इ.स. १४ मध्ये, टायबेरियसनं अधिकाऱ्यांच्या निवडणुका लोकांकडून काढून सिनेटकडे दिल्या. टॅसिटस सांगतो, लोकांनी थोडी कुरकुर केली, त्यापलीकडे काही झालं नाही.