धूपाने धूर जात नाही

सिगारेटचा वा विडीचा धूर घरातून, कचेरीतून कसा घालवावा, असे विचारणारे रुग्ण आमच्या इचलकरंजीत अलीकडे वारंवार भेटू लागले आहेत. विचारणारा स्वतः धूम्रपान करणारा क्वचितच असतो. बहुधा ती एखादी माता असते, जिच्या कडेवरील बालकाचा कास दोन-दोन महिने हटत नाही. किंवा सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर दिवसभर बसणारा एखादा दिवाणजी असतो. "डॉक्टर, एखादा चांगला धूप द्या, खोलीतली हवा शुद्ध होईल," अशी त्यांची मागणी असते आणि आपल्यापैकी अनेकांच्या औषधालयांतून ती तत्काळ पुरविली जाते. या प्रथेविषयी आमचे मत प्रतिकूल आहे व ते आम्ही येथे सकारण मांडू इच्छितो.

धूपनकर्म हे आपल्या शास्त्राचे वैभव आहे, याविषयी दुमत नाही. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या आगारात सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचा धूप दिवसातून दोन वेळा, दहा दिवस देण्यास सांगितले. काश्यपसंहितेत धूपकल्प नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. परंतु या विधानांचे प्रयोजन रक्षोघ्न आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर जंतू व कीटक यांचा प्रतिबंध हे आहे. हवेत आधीच तरंगत असलेला दुसरा धूर उचलून नेणे हे नव्हे.

येथे एखादे अभ्यासू व्यवसायबंधू सुश्रुताच्या कल्पस्थानाकडे बोट दाखवतील, आणि ते योग्यच होईल. विषदूषित धूम व वायू यांमुळे पक्षी भूमीवर पडतात, मनुष्यांना कास, प्रतिश्याय, शिरोरोग व तीव्र नेत्ररोग होतात, असे वर्णन तेथे असून लाक्षा, हरिद्रा, अतिविषा आदी द्रव्ये अग्नीवर टाकून त्या वायूचे शोधन करावे, असेही सांगितले आहे. पण तो प्रसंग शत्रूने वातावरण दूषित केल्याचा आहे. तेथे दूषणाचे मूळ आपल्या हाती नाही. येथे ते घरातील कर्त्या पुरुषाच्या दोन बोटांमध्ये आहे. निदानपरिवर्जन शक्य असताना ते सोडून धूप जाळीत बसणे, हे ज्या आचार्यांच्या नावाने आपण करतो त्यांच्याच चिकित्सासूत्राला धरून नाही.

आता त्या धुराचे स्वरूप पाहू. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये आढळली असून त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. या मिश्रणाचे दोन भाग पडतात. एक सूक्ष्म कणांचा. हे कण बहुतांशी एक मायक्रॉनहूनही लहान असल्याने फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दुसरा भाग वायूंचा. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन, ॲक्रोलीन, हायड्रोजन सायनाइड इत्यादी. घरातील इतरांच्या वाट्याला येणाऱ्या धुरातील मोठा हिस्सा ओढणाऱ्याने सोडलेला नसून दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकाकडून निघालेला असतो. त्या टोकाचे तापमान त्या वेळी कमी असल्याने ज्वलन अधिक अपूर्ण होते. अशा हवेत आपण गुग्गुळ, राळ किंवा ऊद जाळला म्हणजे काय होते? त्याचेही ज्वलन अपूर्णच असते. त्यातूनही तेच सूक्ष्म कण, तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास मात्र पालटतो. नाकाला बरे वाटते आणि गृहिणी खिडकी उघडावयाची राहते. कार्बन मोनॉक्साइडला तर मुळीच गंध नसतो, आणि रक्तरंजकाशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो.

यंत्रांचीही गत सर्वस्वी वेगळी नाही. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडविते, हे खरे. पण वायू तिच्यातून सरळ पार जातात. कार्यक्षम कोळशाचा थर बेंझीनसारखी द्रव्ये काही काळ शोषून घेतो. कार्बन मोनॉक्साइडवर त्याचा प्रभाव पडत नाही, फॉर्माल्डिहाइडवर अल्प पडतो, आणि संपृक्त झालेला कोळसा पूर्वी शोषलेले वायू परत सोडूही लागतो. घरगुती यंत्रांत हा कोळसा किती असतो, हे एकदा यंत्र उघडून पाहावे. ओझोन सोडून हवा 'ताजी' करणारी उपकरणे तर राहत्या खोलीत वापरूच नयेत. ओझोन स्वतःच श्वासमार्गाचा क्षोभ करतो. कुंडीतील तुळस किंवा कोरफड हा धूर पिऊन टाकते, ही समजूतही आपल्याच व्यवसायातून पसरली आहे. बंद काचपेटीतील वनस्पतींवर झालेल्या प्रयोगांचा आधार त्यासाठी दिला जातो. प्रत्यक्ष खोलीत चार-दोन कुंड्यांचे कार्य नगण्य ठरते. तुळस अंगणात असावी, तिची अन्य कारणे पुष्कळ आहेत.

आमच्या गावी हा प्रश्न अधिक बिकट का होतो, तेही सांगितले पाहिजे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने ही वस्त्रनगरी वाढली. वाढताना घर आणि कारखाना एकमेकांस चिकटून वाढले. सूत तुटू नये म्हणून मागाच्या शेडमध्ये ओलावा राखावा लागतो, त्यामुळे तेथे वारा खेळू देत नाहीत. लगतच्या घरांत मागांचा खडखडाट आणि कापसाचे तंतू नकोत म्हणून खिडक्या बंद. शेडमध्ये आगीच्या भयाने विडी पेटविली जात नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण पाळी संपवून घरी परतलेला कामगार ती बंद खिडक्यांच्या खोलीत पेटवितो, आणि दिवसभर तंतूंनी क्षुब्ध झालेल्या प्राणवह स्रोतसांवर ही दुसरी भर पडते. त्याच्याजवळ निजलेल्या मुलावरही. पेढ्यांवर आता वातानुकूलन यंत्रे आली आहेत. ती खोलीतीलच हवा पुनःपुन्हा फिरवून गार करतात, बाहेरची हवा बहुधा आत घेत नाहीत, ही गोष्ट शिकल्या-सवरलेल्या मालकांनाही ठाऊक नसते. "एसी चालू आहे, धूर जाईल," असे म्हणत तेथे सिगारेट शिलगावली जाते.

मग उपाय कोणता? वायुवीजन. ओढून झालेला धूर घालविण्यासाठी याहून साधा व स्वस्त मार्ग नाही. खोलीच्या आकारमानाइतकी बाहेरची हवा तासाला एकदाच येत असेल, तर ९५ टक्के धूर जाण्यास सुमारे तीन तास लागतात. सहा वेळा येत असेल तर अर्ध्या तासात तेच कार्य होते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत मिनिटाला दोनशे घनफूट हवा बाहेर टाकणारा पंखा बसविला, तर तासाला दहा वेळा हवा पालटते. मात्र समोरच्या बाजूने हवा आत येण्यास वाट हवी; दारे-खिडक्या बंद ठेवून पंखा लावणे म्हणजे तोंड मिटून उच्छ्वास टाकण्यासारखे आहे.

परंतु हे गणित विडी विझल्यानंतरचे आहे. ती खोलीत जळतच राहिली, तर वायुवीजन दुप्पट केल्याने धुराचे प्रमाण निम्मे होते, शून्य होत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी २००६ च्या अहवालात हेच सांगितले: परधूमाची निर्धोक अशी मात्रा नाही आणि हवा शुद्ध करून वा जागा वेगळी करून तो पूर्णतः टाळता येत नाही. भिंती, गाद्या, पडदे यांवर बसलेले निकोटीन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसॅमाइन तयार करते, असे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखविले. म्हणजे काल ओढलेली सिगारेट आज रांगणाऱ्या मुलाच्या तळहाताला लागते. तेथे ओल्या फडक्याने भिंत-फरशी पुसणे आणि कपडे धुणे हेच शोधन.

कायदा या बाबतीत घराच्या उंबऱ्यापर्यंतच येतो. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक स्थळी धूम्रपानास मनाई केली, २००३ मध्ये अधिनियम आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी कामाची ठिकाणेही त्या कक्षेत आणली. म्हणजे पेढीवरील दिवाणजीला कायद्याचे पाठबळ आहे, मालकापुढे बोलण्याचे धैर्य तेवढे नाही. घरातील बालकाला दोन्ही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच परधूम सोसावा लागत असल्याचे आढळले. ही गणना प्रौढांची होती.

या संदर्भात एक गोष्ट आपण विसरतो. वाग्भटाचार्यांनी औषधी धूमपानदेखील अठरा वर्षांच्या आत निषिद्ध मानले आहे. गर्भिणीलाही धूमपान वर्ज्य आहे. नियत काळ, नियत मात्रा, नियत द्रव्ये असलेल्या धूमाविषयी ही दक्षता! मग अनियत मात्रेत, अहोरात्र, तमाखूचा धूम सहा महिन्यांच्या अर्भकाला मिळत असताना वैद्याने केवळ सितोपलादीची पुडी द्यावी, हे कितपत युक्त? याच कारणास्तव तमाखूविरहित 'हर्बल' विड्या व्यसनमुक्तीच्या नावाखाली विकणेही आम्हांस मान्य नाही. पान कोणतेही असो, जळताना कार्बन मोनॉक्साइड व डांबर निघणारच, आणि शास्त्रोक्त धूमवर्तीशी तिचे नाते नावापुरतेच असते.

फार्मसीचालक बंधूंचा रोष आम्ही समजू शकतो. धूपाची विक्री हा अनेकांचा नित्याचा आधार आहे. ती थांबवावी असे आमचे म्हणणे नाही. धूप पूजेसाठी विकावा, डासांसाठी विकावा, सूतिकागारासाठी वैद्याच्या सल्ल्याने द्यावा. फक्त वेष्टनावर 'हवा शुद्ध करतो', 'सिगारेटचा धूर नष्ट करतो' असे छापू नये, आणि गल्ल्यावरील मुलालाही तसे बोलू देऊ नये. श्वासाच्या वा कासाच्या रुग्णाच्या खोलीसाठी कोणी धूप मागितला, तर तो न देता खिडकीविषयी विचारावे. वैद्यबंधूंनी आपल्या रुग्णपत्रिकेत आहार-विहारापुढे एक ओळ वाढवावी: घरात धूम्रपान कोण करते व कोठे करते. आमच्या अनुभवात या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा "बाहेर, दारात" असे येते. तेव्हा दार कोणत्या खोलीचे आणि बाळाची झोळी कोठे बांधलेली आहे, हेही विचारावे.