विश्लेषण : युद्धदेव मेला, मग बिघडले काय?

एखादी कंपनी आपल्याच देवाला मारते तेव्हा त्यामागे विक्रीचे गणित असतेच. ‘पाथफाइंडर’ या फँटसी रोल-प्लेइंग गेममधला युद्धदेव गोरम २०२४ मध्ये असाच गेला. खेळात त्याच्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

हा खेळ कसा खेळतात?

अमेरिकेतील ‘पायझो’ कंपनीने २००९ मध्ये हा खेळ आणला. दुसरी आवृत्ती २०१९ ची. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. इथले देव शोभेचे नाहीत. पुरोहित झालेला खेळाडू आपल्या देवाने वर्ज्य ठरवलेले वागत राहिला तर त्याची जादू जाते. मग प्रायश्चित्त घ्यावे लागते.

गोरम कोण होता?

काटेरी चिलखत, आत चेहरा नाही, नुसते लाल डोळे आणि दोन्ही हातांनी पेलायची तलवार. कार्तिकेय देवांचा सेनापती झाला तो तारकासुराच्या वधासाठी. ग्रीकांची अथेना आपले शहर राखते. गोरमला असे काही कारणच नव्हते. लढाई कोणाची, कशासाठी, हे तो विचारत नसे.

म्हणून अनेकांना हा देव सपाट वाटतो. पण नियमपुस्तकातली त्याची वर्ज्ये वाचावीत. वाटाघाटी करून लढाई टाळणे हे पाप (इथे हसू येते). कपटाने जिंकणे हेही पाप. आणि कैद्याला किंवा शरण आलेल्याला मारणे, हेसुद्धा.

टेबलावर याचा अर्थ काय होतो? समजा, दरोडेखोरांच्या म्होरक्याने तलवार खाली टाकली. साथीदार म्हणतात, सोडला तर उद्या टोळी घेऊन येईल, संपवा. गोरमचा पुरोहित आडवा येतो. त्याला दया आलेली नसते. हात रिकामे असलेल्याशी लढाई होत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. युद्धकैद्यांविषयीचा १९४९ चा जिनिव्हा करारही युद्ध न्याय्य होते का, हे न विचारताच कैद्याला संरक्षण देतो. दयेचे देव या खेळात आहेतच. सारेनरे ही सूर्यदेवी चुकलेल्याला सुधारण्याची संधी द्यायला सांगते. पण दयाळू माणसाने जीव वाचवला यात नवल ते काय? लढाईचेच वेड असलेल्याने हात आवरणे, हे गोरमकडे होते.

मृत्यूनंतर काय झाले?

वीस प्रमुख देवांपैकी एक मरणार, हे कंपनीने आधीच सांगितले होते. मग एकेकाला ‘सुरक्षित’ जाहीर करत तिने चाहत्यांना टांगणीला लावले. शेवटी नाव निघाले गोरमचे. कथेत त्याचे रक्त आणि चिलखताचे तुकडे आकाशातून जगभर बरसले, कित्येकांच्या अंगी दैवी बळ आले आणि नवे संघर्ष पेटले. ‘वॉर ऑफ इमॉर्टल्स’ हे जाडजूड पुस्तक त्यावरच बेतलेले आहे. युद्धदेव गेल्याने युद्ध थांबत नाही, ही कल्पना चांगलीच आहे. त्याबद्दल कंपनीला दाद द्यायला हवी.

तक्रार पुढची आहे. प्रमुख देवांत गोरमच्या जागी अराझनी आली. ती युद्धदेवी नाही. मारली गेलेली, मृतावस्थेतून उठवून राणी केलेली आणि त्या गुलामीतून निसटलेली ही देवी व्यक्तिरेखा म्हणून गोरमपेक्षा कितीतरी सखोल आहे. पण तिची शिकवण आहे की, ज्यांनी आपल्याला छळले त्यांना कधीही क्षमा करू नये.

तोच म्होरक्या आता अराझनीच्या पुरोहितासमोर तलवार टाकून उभा राहिला, तर तो वाचेल की नाही हे त्याने पूर्वी कोणाला छळले यावर ठरेल.