नसलेल्या भाषांचे व्याकरण

जी भाषा कोणत्याही आईने आपल्या मुलाला शिकविली नाही, जिच्यात कधी बाजारहाट झाला नाही की भांडण झाले नाही, तिच्या व्याकरणावर विद्वानांनी आयुष्याची वर्षे खर्च करावीत काय? जे. आर. आर. टोल्किन यांच्या अद्भुतकथांतील भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षे ऐकावा लागत आहे. या भाषांना वाहिलेले 'पार्मा एल्दालांबेरॉन' हे नियतकालिक १९७१ मध्ये निघाले, 'विन्यार तेंग्वार' १९८८ मध्ये. एवढ्या काळात जमलेले काम पाहता हा सारा हौशी वाचकांचा चाळा आहे, असे म्हणून तो उडवून लावणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मात्र ज्याला शास्त्र म्हणवून घ्यायचे आहे, त्याने शास्त्राची शिस्तही पाळली पाहिजे. आणि खरा वाद आहे तो नेमका या शिस्तीविषयीच.

टोल्किन (१८९२-१९७३) हे पेशाने कादंबरीकार नव्हते. १९२५ पासून १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. जुनी व मध्ययुगीन इंग्रजी हे त्यांचे क्षेत्र. त्याआधी त्यांनी ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कामात शब्दांच्या व्युत्पत्ती लावल्या होत्या. फिनिश आणि वेल्श या भाषांच्या नादमाधुर्याने त्यांना मोहिनी घातली आणि त्या मोहातून अनुक्रमे 'क्वेन्या' व 'सिंदारिन' या एल्फ नावाच्या कल्पित जमातीच्या भाषा आकाराला आल्या. क्वेन्याचा पहिला कोश त्यांनी १९१५ च्या सुमारास लिहावयास घेतला. 'हॉबिट' प्रसिद्ध झाले १९३७ मध्ये आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये. म्हणजे कथेला शोभा आणण्यासाठी भाषा रचली गेली नाही; भाषेला बोलणारे आणि इतिहास हवा म्हणून कथा वाढत गेली. १९३१ च्या एका व्याख्यानात टोल्किन यांनी आपल्या या छंदाला 'गुप्त व्यसन' म्हटले होते. एस्पेरान्तोप्रमाणे जगाच्या सोयीसाठी काढलेली भाषा वेगळी आणि केवळ सौंदर्यासाठी घडविलेली भाषा वेगळी, हा भेद तेथे स्पष्ट होतो.

या भाषांचे वैशिष्ट्य शब्दसंख्येत नाही, ते त्यांच्या इतिहासात आहे. संस्कृत 'सप्त' चे प्राकृतात 'सत्त' व मराठीत 'सात' झाले, 'हस्त' चे 'हत्थ' व पुढे 'हात' झाला, हे परिवर्तन लहरीने होत नसून नियमाने होते, हे मराठीच्या अध्यापकांना सांगावयास नको. टोल्किन यांनी नेमके हेच कल्पनेत केले. एक मूळ भाषा कल्पून तिच्यापासून दोन शाखा नियमांनी उतरविल्या. माणसाला क्वेन्यात 'आतान' तर सिंदारिनमध्ये 'आदान'. चांदीला एकीकडे 'तेल्पे' तर दुसरीकडे 'केलेब'. स्वरानंतरच्या 'त' चा 'द' आणि 'प' चा 'ब' होणे ही सिंदारिनची रीत वेल्शच्या वळणावर गेलेली आहे. झाडाला क्वेन्यात 'आल्दा' आणि सिंदारिनमध्ये 'गालाध' म्हणतात. वरवर पाहता या दोन शब्दांचे नाते दिसत नाही. पण मूळ रूपातील आरंभीचा 'ग' क्वेन्यात गळाला हे कळताच ते उलगडते.

येथेच अभ्यासाची खरी अडचण सुरू होते. या भाषांना एक नव्हे, दोन इतिहास आहेत. एक कथेतला, हजारो वर्षांचा. दुसरा लेखकाच्या मेजावरचा, सुमारे साठ वर्षांचा. टोल्किन आयुष्यभर खोडत आणि बदलत राहिले. १९३० नंतरच्या दशकात जी भाषा त्यांनी समुद्रापारच्या प्रदेशातून परतलेल्या नोल्दोर लोकांची ठरविली होती, तीच पुढे थोड्याफार फरकाने त्यांनी कधीही समुद्र न ओलांडलेल्या सिंदार लोकांना देऊन टाकली. क्रिस्टोफर टोल्किन यांनी १९८३ ते १९९६ या काळात वडिलांच्या हस्तलिखितांचे बारा खंड प्रसिद्ध केले, तेव्हा हे बदल जगापुढे आले. तेव्हा १९१५ चा शब्द, १९३७ चा प्रत्यय आणि १९६० चे सर्वनाम एकत्र करून जे वाक्य तयार होईल, ते टोल्किन यांच्या कोणत्याही काळातील भाषेत बसेलच असे नाही.

तथापि पुष्कळ उत्साही मंडळींना ही भाषा वाचावयाची नसून बोलावयाची असते. अनेक क्रियापदांची भूतकाळी रूपे लेखकाने नोंदविलेली नाहीत, सर्वनामे वारंवार बदलली आहेत. मग रिकाम्या जागा अनुमानाने भरल्या जातात. २००१ ते २००३ या काळातील चित्रपटांसाठी संवाद हवे होते, तेव्हा डेव्हिड सालो या भाषाशास्त्रज्ञाला असेच करावे लागले. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते अनुमानाला प्रमाण म्हणून खपविणे. कार्ल हॉस्टेटर यांनी २००७ मध्ये या अभ्यासाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना या सरमिसळीवर बोट ठेवले, ते योग्यच झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सित आवृत्ती पूर्ण केली, तेव्हा प्रक्षिप्त ठरलेले भाग फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. ज्याची जागा त्याला, एवढाच तो न्याय आहे. भाषाशास्त्रात पुराव्यावाचून अनुमानिलेल्या रूपाआधी तारकाचिन्ह देण्याची रूढी आहे. ज्या रूपाला टोल्किन यांच्या कागदाचा आधार नाही, त्याच्या डोक्यावर ते चिन्ह असलेच पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप उरतो. अंदमानात २०१० च्या जानेवारीत बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले आणि आका-बो भाषा बोलणारे कोणी उरले नाही. माणसांच्या खऱ्या भाषा अशा विझत असताना कल्पित भाषांचे कोश कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. कल्पित भाषा कितीही देखणी असली तरी समाज भाषा कशी घडवितो आणि कशी गमावतो, याचा पुरावा ती देऊ शकत नाही. ती एका माणसाच्या मनाचा आणि कानाचा पुरावा देते. त्या पलीकडचा दावा तिच्या अभ्यासकांनी करू नये.

परंतु एक अभ्यास बंद केल्याने दुसरा आपोआप उभा राहत नाही. बोआ यांचे शब्द अन्विता अब्बी यांनी ध्वनिमुद्रित केले. तेथेही जे ऐकले ते आणि तेवढेच नोंदवायचे, हीच शिस्त लागली. भाषा अखेरच्या बोलणारीची असो की ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाच्या कल्पनेतली, अभ्यासकाचा पहिला धर्म तोच राहतो. कल्पित भाषेत हा धर्म पाळणे अधिक कठीण आहे, कारण तेथे चूक दाखवून देणारा भाषिक कोणी नाही. म्हणूनच तो तेथे अधिक काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे.