विश्लेषण : ज्यू गेले, सिनेगॉग उरले… चेंदमंगलम कोकणाला काय सांगते?

केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातील चेंदमंगलम हे हातमागासाठी प्रसिद्ध असलेले छोटे गाव. तेथील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, आज प्रार्थना होत नाही. तरीही ती वास्तू शाबूत आहे. हे कसे साधले आणि त्यातून आपण काय घ्यायचे?

वास्तूचे वेगळेपण काय?

मंदिर, मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशी चारही प्रार्थनास्थळे या गावात एकमेकांपासून जवळ आहेत. सिनेगॉगसमोर सारा बत इस्रायल या स्त्रीची १२६९ सालची समाधिशिळा आहे. ती भारतातील सर्वात जुना हिब्रू शिलालेख असलेली समाधिशिळा मानली जाते. केरळच्या सिनेगॉगांमध्ये सभागृहाच्या मधोमध धर्मग्रंथ वाचनाचा चौथरा असतो, शिवाय वरच्या सज्जातही दुसरा चौथरा असतो. ही रचना जगात इतरत्र सहसा आढळत नाही.

मग ती ओस का पडली?

छळ झाला म्हणून नव्हे. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील काही वर्षांत कोची परिसरातील बहुतेक ज्यू तिकडे स्थलांतरित झाले. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे उरले नाहीत, की दार बंद होते.

जीर्णोद्धार कुणी केला?

राज्याच्या पुरातत्त्व विभागाने. २००५ च्या सुमारास डागडुजी झाली आणि २००६ मध्ये तेथे प्रदर्शन सुरू झाले. पुढे मुझिरिस वारसा प्रकल्पात शेजारच्या परवूरच्या सिनेगॉगचेही संग्रहालय झाले. उलट उदाहरण मट्टनचेरीचे. तेथील कडवुंभागम सिनेगॉगचे लाकडी अंतरंग जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये जतन झाले, पण मूळ इमारत गोदाम म्हणून वापरली गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पावसात कोसळली.

महाराष्ट्राचा संबंध काय?

कोकणातील बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथे त्यांची सिनेगॉग आहेत. जुन्या बोलीत त्यांना ‘मशीद’ असेच म्हणत. यांतील बहुतेक कुटुंबेही इस्रायलला गेली, मात्र काही अजून येथे आहेत.

आता काय करायला हवे?

चेंदमंगलममध्ये सरकार पोहोचले, तोवर समाज जाऊन जवळपास अर्धशतक लोटले होते. छप्पर दुरुस्त झाले, पण कोणत्या सणाला कोणता दिवा कुठे लागायचा हे सांगणारी माणसे गावात नव्हती. कोकणात ती अजून आहेत. म्हणूनच येथील काम गवंड्यापासून नव्हे, वहीपासून सुरू व्हायला हवे. वास्तूंचे मोजमाप, जुनी दफ्तरे आणि छायाचित्रे यांची नोंद, वृद्धांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण यांना फार मोठा निधी लागत नाही. ज्यांची ती प्रार्थनास्थळे आहेत, त्यांच्या संमतीने आणि सहभागाने ते आजच करता येईल. पडलेली भिंत पुन्हा उभारता येते. तिच्याविषयी सांगणारा शेवटचा माणूस गेला, की ती नुसती भिंत उरते.